मनूचं पॅकअप

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २३ वर्षांची आहे, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. सात ते अकरा या वयात मी संध्याकाळच्या एका मराठी मालिकेत काम केलं. नायकाची लाडकी पुतणी, मनू. ऑडिशन नाशिकमध्येच झाली होती. निवड झाल्यावर आईने पतसंस्थेतली नोकरी सोडली आणि आम्ही दोघी घोडबंदर रोडला एका खोलीत राहायला गेलो. बाबा अंबडला कंपनीत होते, ते आणि दादा नाशिकलाच राहिले. पुढे मालिकेने पंधरा वर्षांचा लीप घेतला आणि माझ्या जागी मोठी मनू आली. नंतर दोन जाहिराती केल्या, एक सिनेमा अर्ध्यात थांबला. आठवीत नाशिकला परत आले.

बीएस्सीचे शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिलेत, कारण तेव्हा मी ऑडिशनसाठी मुंबईला ये-जा करत होते. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, आरामनगरला रांगेत उभं राहायचं, रात्री परत. ‘अरे, तू ती मनू ना!’ इथपर्यंत सगळं छान असतं. मग ‘कळवतो’. एकाने सांगितलं, चेहऱ्यात आता ती मनू दिसत नाही. दुसऱ्याने सांगितलं, चेहऱ्यात मनूच दिसते, दुसरी भूमिका कशी देऊ?

सध्या एका क्लासच्या रिसेप्शनवर बसते. मिसळ खायला गेलं तरी कोणीतरी येतं, ‘तो डायलॉग म्हण ना’ म्हणतं आणि मग विचारतं, ‘आता काय करतेस?’ पोटात गोळा येतो. आई म्हणते, मुंबईला अजून एक वर्ष दे, तुझ्यासाठी मी नोकरी सोडली. बाबा म्हणतात, आधी पदवी घे. मी कमावलेल्या पैशांचं काय झालं तेही मला माहीत नाही. हा फ्लॅट त्यातूनच घेतला, असं दादा एकदा भांडणात बोलून गेला. विचारू का? आणि मुंबईला एक वर्ष देऊ का? रात्री झोप लागत नाही. कधी कधी वाटतं, माझं सगळं अकराव्या वर्षीच होऊन गेलं.

— मनू

प्रिय मुली,

तुझं पत्र चार पानांचं आहे. वर त्यातलं थोडंच छापलंय आणि ओळख पटेल असं सगळं वगळलंय. पण न छापलेल्या भागातली एक जागा मला आधी घ्यायची आहे. लीप येणार हे तुला कोणीच सांगितलं नव्हतं, असं तू लिहिलं आहेस. शनिवारी शूटिंग झालं, मेकअपदादांनी तोंड पुसून दिलं, स्पॉटदादांनी नेहमीसारखी चिक्की हातावर ठेवली. रविवारी रात्री कॉल टाइम, म्हणजे दुसऱ्या दिवशी सेटवर किती वाजता यायचं तो निरोप, आला नाही. आई म्हणाली, सुट्टी आहे. पुढच्या आठवड्यात तू टीव्हीसमोर जेवायला बसली होतीस. मनू देवघरापुढे पाठमोरी उभी होती, कॅमेरा तिच्याभोवती फिरून समोर आला आणि चेहरा दुसऱ्याच मुलीचा निघाला. ‘माझे कानातले तिच्या कानात होते,’ असं तू लिहिलंस आणि त्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढलीस.

तिथे मी पत्र खाली ठेवलं. माझी स्वतःची एक चूक आठवली.

मी नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि दर वर्षी मुलांचं नाटक बसवलं. १९९०च्या दशकात माझ्याकडे एक मुलगा होता. पाचवी, सहावी, सातवी, तिन्ही वर्षं नाटकाचा नायक तोच. पाठांतर चोख, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही कान टवकारावे लागत नसत. आठवीत त्याचा आवाज फुटला. मी भूमिकांची यादी फळ्यावर लावली, त्यात त्याचं नाव पडदा ओढणाऱ्या मुलांमध्ये होतं. त्याच्याशी मी एक शब्द बोलले नाही. वाटलं, शहाणा मुलगा आहे, समजून घेईल. वीसेक वर्षांनी तो मला कालिदास कलामंदिराच्या पायऱ्यांवर भेटला. म्हणाला, ‘बाई, पडदा ओढायचं मला वाईट वाटलं नाही. पण माझं काय चुकलं ते मी वर्षभर शोधत होतो.’ मी त्याची माफी मागितली. त्याने हसून माझे हात धरले. पण ती माफी तेरा वर्षांच्या मुलाला हवी होती, मी ती तिशीतल्या बाप्याला दिली.

तुझंही तेच झालं आहे. सेटवर दिवस संपला की कोणीतरी मोठ्याने ‘पॅकअप’ म्हणतं, लाइट एकेक करून उतरतात आणि सगळ्यांना कळतं की आता घरी जायचं. मनूचं पॅकअप कोणी म्हटलंच नाही. तू बारा वर्षं मेकअप करून बसून आहेस. म्हणून आज मी म्हणते, वर्तमानपत्रात, सगळ्यांसमोर: पॅकअप. मनूचं काम पूर्ण झालं आणि ते चांगलं झालं. रोजच्या मालिकेत गोष्ट अडली, प्रेक्षकांचे आकडे उतरले किंवा प्रेमाचा नवा ट्रॅक आणायचा ठरला की लीप येतो आणि लहान मूल एका रात्रीत मोठं होतं. तो निर्णय लेखकांच्या खोलीत होतो, त्यात मुलाच्या अभिनयाचा संबंध नसतो. तुझं काही चुकलं नव्हतं. हे वाक्य तुला अकराव्या वर्षी ऐकायला मिळायला हवं होतं.

पत्राखाली तू मोठ्या अक्षरांत ‘मनू’ अशी सही केली आहेस आणि तुझं खरं नाव त्याखाली बारीक अक्षरांत, कंसात आहे. त्यावरून तुला आपल्याच गावची एक गोष्ट सांगते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीने १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, वय वर्षं सात. या मूकपटाचा बराचसा भाग सुदैवाने टिकून आहे. सुरुवातीलाच फाळक्यांनी मंदाकिनीला मंदाकिनी म्हणूनच पडद्यावर आणलंय. तिचा नुसता चेहरा दिसतो, ती एकेक भाव करून दाखवते, आणि त्यानंतरच ती कृष्णाच्या वेषात येते. ज्या प्रेक्षकांनी पडद्यावरच्या देवाला हात जोडले असते, त्यांना त्या बापाने आधी सांगून टाकलं, ही माझी लेक आहे आणि ती अभिनय करते आहे. शंभर वर्षांपूर्वी! तुझ्या बाबतीत हे कोणी केलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुला ‘आपली मनू’ म्हणून बोलावलं, नातेवाइकांनी लग्नात ‘मनू आली’ म्हणून फोटो काढले. आधी मुलगी, मग मनू, हा क्रम तुलाच लावावा लागणार आहे, आणि तो सहीपासून लावता येतो.

आता मुंबई. माझं उत्तर ‘यंदा नको’ असं आहे. का, ते नीट सांगते, कारण ‘नको’ हा शब्द तू बाबांकडूनही ऐकला आहेस आणि माझं कारण वेगळं आहे.

त्या दोन कास्टिंगवाल्यांची वाक्यं पुन्हा वाच. एकाला चेहऱ्यात मनू दिसत नाही, दुसऱ्याला मनूच दिसते. दोघांनी तुला नकार दिला, पण दोघांनी पाहिलं मनूला. तू रांगेत तिला पुढे घालून उभी होतीस. तू लिहिलं आहेस की ओळख करून देताना तू पहिलं वाक्य ‘मी ती मनू’ असं म्हणायचीस. दोन वर्षांच्या खेपांत तू एकही कार्यशाळा केली नाहीस, एकही नाटक केलं नाहीस. मनू मिळाली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. त्या वयात निरागसपणा पुरतो, दिग्दर्शक ‘असं म्हण’ म्हणतो, आपण म्हणतो, आणि ते खरंच सुंदर दिसतं. तेविसाव्या वर्षी तुझ्या शेजारी रांगेत उभी असलेली मुलगी पाच-सहा वर्षं एकांकिका करून आलेली असते. तिच्यापुढे तू जुनी, अनुभवी कलाकार म्हणून उभी राहतेस आणि नवखी ठरतेस. हे कठोर वाटेल. पण ‘तुझं नशीब नाही’ यापेक्षा ‘तुझी तयारी नाही’ हे निदान बरं, त्यावर इलाज करता येतो.

आणि तुझ्याकडे काहीच नाही असंही नाही. सातव्या वर्षी खडूच्या खुणेवर खाली न बघता थांबायला तू शिकलीस. एकच वाक्य आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग लांबून टिपताना, मग क्लोजमध्ये, म्हणजे फक्त चेहरा जवळून टिपताना, मग समोरच्याच्या क्लोजसाठी कॅमेऱ्याबाहेर बसून, तितक्याच ताकदीने म्हणायला शिकलीस. चहाचा कप मागच्या टेकला कोणत्या हातात होता ते तुझ्या लक्षात राहायचं आणि सहायक दिग्दर्शक तुलाच विचारायचे, हे तूच लिहिलंयस. सकाळी हातात आलेला सीन दुपारी पाठ. हे कसब आहे. लोकांना फक्त डायलॉग आठवतो, त्यामुळे तूही हे विसरलीस.

या वाटेवरून पुढे गेलेल्यांची उदाहरणं लोक तुला सांगतच असतील. सचिन पिळगावकर बालकलाकार होते, पुढे नायक झाले, दिग्दर्शक झाले. ‘दीवार’मधला लहानगा विजय, म्हणजे अलंकार जोशी, पुढे संगणकाच्या क्षेत्रात गेला, अमेरिकेत स्थिरावला. ‘शाका लाका बूम बूम’मधला किंशुक वैद्य शिक्षण पूर्ण करून तरुणपणी मालिकांकडे परतला. तिघांच्या तीन तऱ्हा. यातली कुठलीच उचलून स्वतःला लावू नकोस.

त्यापेक्षा मला तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर थांबायचंय. तिथे तू साउंडदादांबद्दल लिहिलं आहेस. लाइट लावायला वेळ लागत असला की ते तुझ्या कानाला हेडफोन लावायचे आणि बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, हळूहळू फिरवायचे. आधी पंख्याची घरघर, मग मागच्या इमारतीतली कुकरची शिट्टी, आणि एकदा बूम दाराकडे वळल्यावर बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रात्रीच्या भाजीसाठी गवार मोडणारी तुझी आई. ‘शेंग मोडल्याचा कट असा आवाज आणि पाठोपाठ बांगडी. मला ती दिसत नव्हती पण ती तिथे आहे हे कळत होतं.’ चार पानांत ही एवढीच जागा अशी आहे जिथे लोक काय म्हणतात ते आलेलं नाही. डायलॉगबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, हेडफोनबद्दल अकरा. मी मोजल्या.

लगेच ‘मी साउंडमध्ये जाते’ असं ठरवू नकोस, मी ते सांगत नाहीये. लहानपणची एक आठवण म्हणजे करिअर नसतं. पण चाचपून बघण्यासारखं नक्की आहे आणि त्यासाठी मुंबई लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावर होते. त्यासाठी शहरातल्या हौशी संस्था महिना-दोन महिने तालमी करतात, आणि प्रत्येकीला माणसं हवी असतात. भूमिका करणारी माणसं मिळतात एक वेळ, पण रोज तालमीला येऊन संगीताचे आणि ध्वनीचे क्यू, म्हणजे ते नेमके कधी वाजवायचे त्या जागा, चुकवणार नाही असं माणूस शोधून सापडत नाही. जा आणि सांग, मला एक छोटी भूमिका द्या आणि ज्या प्रवेशात मी नसेन त्यात मला साउंडला बसू द्या. दोन्ही करून बघ. घरी परतताना कोणत्या दिवशी गाडी सावकाश चालवावीशी वाटते, ते स्वतःलाच विचार. कुसुमाग्रज स्मारकात, कालिदासला, सायखेडकर नाट्यगृहात जे चालतं ते तिकीट काढून बघ. पहिल्या तालमीत कोणीतरी ‘अरे, ही तर मनू’ म्हणेलच. म्हणू दे. आठव्या दिवशी तेच लोक तुला ‘क्यू उशिरा दिलास’ म्हणून ओरडतील, आणि त्या ओरडण्याने तुला बरं वाटेल असा माझा अंदाज आहे.

पण त्याआधी ते दोन विषय. इथे मी बाबांच्या बाजूची आहे. ‘पदवी असली की नोकरी मिळते’ हे त्यांचं कारण, माझं कारण असं की तुला जिथे जावंसं वाटेल त्या बहुतेक दारांवर पदवी विचारतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. तिथल्या ध्वनी अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं, ते तुझ्याकडे आहेच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबई विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात पुढे शिकायचं तरी पदवी हवी. दोन विषयांसाठी ही सगळी दारं बंद ठेवणं मला पाहवत नाही. किती वर्षांच्या आत विषय सोडवायचे याची विद्यापीठाची मुदत असते, ती कॉलेजच्या कार्यालयात याच आठवड्यात विचार. मुदत सरली असलीच तर मुक्त विद्यापीठ आपल्या गंगापूर धरणाच्या वाटेवरच आहे, तिथे काय सोय होते ते प्रत्यक्ष जाऊन बघ.

इतकं झाल्यावरही मुंबई हवी असेल, तर मी आडवी येणार नाही. मग जा, पण नवखी म्हणून जा. तोवर सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण निघेल इतके पैसे हातात असू देत, कारण मालिकेत काम मिळालं तरी मानधन हातात पडायला तीन-तीन महिने जातात, हे तुझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, ‘कार्ड काढून देतो’ म्हणून जो पैसे मागेल त्याच्याकडून तिथल्या तिथे परत फिर. आणि पहिलं वाक्य बदल. आधी नाव, मग गेल्या वर्षभरात काय केलं ते. त्यांनी ओळखलं तर हसून ‘हो’ म्हण.

आता पैशांचं. तू फार दबकत विचारलं आहेस, म्हणून मी मोकळेपणाने सांगते: विचार. तो तुझा हक्क आहे.

बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७च्या नियमांत बालकलाकारांसाठी स्पष्ट अटी आल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा, तो मूल सज्ञान झालं की त्याला मिळतो. तुझी मालिका या नियमांच्या आधी संपली. त्यामुळे अशी ठेव कायद्याने असायलाच हवी होती, असं तुला म्हणता येणार नाही. जॅकी कूगन नावाचा अमेरिकेतला शंभर वर्षांपूर्वीचा प्रचंड गाजलेला बालकलाकार होता. मोठा झाल्यावर त्याला कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी त्याची जवळपास सगळी कमाई खर्चून टाकली आहे. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, हाती फार थोडं लागलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. कायद्याचा लाभ त्याच्यामागून आलेल्या मुलांना मिळाला. तुझ्यासारख्या मुलांमुळेच आजच्या मुलांसाठी नियम झाले, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुला त्याने दिलासा मिळेल असं मात्र मी म्हणणार नाही.

कागद मात्र असू शकतात. मुलाने स्वतःच्या कलेतून मिळवलेलं उत्पन्न आयकरात आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ते मुलाच्याच नावावर धरतात. म्हणजे तुझ्या नावाचं पॅन, विवरणपत्रं, कापलेल्या कराचे कागद घरातल्या कुठल्या तरी फाइलमध्ये असण्याची बरीच शक्यता आहे. रविवारी सकाळी बाबांचा चहा झाला की म्हण, ‘बाबा, माझ्या शूटिंगच्या वेळची फाइल बघायची आहे.’ एवढंच. दादाचं वाक्य मध्ये आणू नकोस, फ्लॅटही आणू नकोस. कदाचित फ्लॅटला पैसे लागलेही असतील. दोन शहरांत दोन घरं चालवायची, एकच पगार, घोडबंदरचं भाडं, आईची गेलेली नोकरी. त्यात तुझ्या मानधनाचं किती उरलं असेल, तेही कळेल. घरासाठी पैसे वापरले याची लाज कोणालाच वाटायला नको. ते तुला सांगितलं नाही, ही चूक झाली. फाइल बघून झाली की पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च माग. तो मागताना मान खाली घालू नकोस, तू त्या घरात कमावून भर घातलेली आहेस.

उरली आई. तिच्यावर मला जास्त लिहायचंय, कारण तुझ्या पत्रात ती दोनच रूपांत दिसते, दाराबाहेर गवार मोडणारी आणि ‘तुझ्यासाठी नोकरी सोडली’ म्हणणारी. त्या दोन्हींच्या मधली बाई तू पाहिली नाहीस. ती पतसंस्थेत हिशोब लिहायची. ते सोडून चार वर्षं दिवसाचे दहा-बारा तास सेटच्या दाराशी बसली. रात्री तुझ्याकडून सीन म्हणून घेतले, समोरच्या सगळ्या भूमिका स्वतः वाचल्या. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या दृश्यांत फरक दिसू नये म्हणून, रोज एकाच उंचीवर दोन वेण्या घातल्या. हे पूर्णवेळ काम होतं, त्याचा पगार नव्हता, आणि ज्या दिवशी तुझा कॉल टाइम आला नाही त्या दिवशी तिचंही काम गेलं. तुला ‘सुट्टी आहे’ म्हणाली ती खोटं बोलावं म्हणून नसेल. तिलाच ते तोंडातून काढवत नसेल. आता ‘अजून एक वर्ष दे’ म्हणते, तेव्हा त्यातलं थोडं तिचं स्वतःचं आहे.

तिला समजावायला जाऊ नकोस. एक प्रश्न विचार, ‘आई, त्या सोमवारी तुला कसं वाटलं?’ आणि मग गप्प बस, कितीही वेळ लागला तरी.

आणि आता थेट तुझ्या आईशी बोलते. ताई, हे सदर तुम्ही वाचता, असं तुमच्या लेकीने लिहिलंय, म्हणून चार ओळी तुमच्यासाठी. तुम्ही जे केलं त्यात कुठेही खोट नव्हती. मुलीला संधी आली आणि तुम्ही तिच्यामागे उभ्या राहिलात. मीही राहिले असते. पण ‘तुझ्यासाठी सोडली’ हे वाक्य तिला फेडता येत नाही. ती फेडायला गेली की आरामनगरच्या रांगेत पोचते. तुम्हाला हिशोब येतो, पाठांतर करून घेता येतं, लहान मुलांना तासन्‌तास सांभाळून त्यांच्याकडून काम काढता येतं. या शहरातल्या प्रत्येक बालनाट्य संस्थेला तुमच्यासारखी एक बाई हवी आहे. मला पंचवीस वर्षं हवी होती, मिळाली नाही.

मिसळवाल्या प्रश्नाचं तेवढं राहिलं. मुली, डायलॉग म्हणायला तू बांधील नाहीस. ‘आता नको हं, खाऊ द्या’ असं हसून म्हटलं तर कोणी रागावत नाही. ‘आता काय करतेस?’ याला उत्तर तयार ठेव, कारण तो प्रश्न येतच राहणार. ‘दोन विषय राहिलेत, ते सोडवतेय. आणि एका नाटकाला साउंडला बसते.’ हे म्हणता येईल इतपत खरं व्हायला फार तर महिना लागेल. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं. त्याच्या घरी आजी-नातवंडं एकत्र बसून ती मालिका बघायची, त्याला त्याची आजी आठवत असते.

झोपेचं मात्र हलकं घेऊ नकोस. ‘सगळं होऊन गेलं’ हे वाक्य तू शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलं आहेस, आणि मला तेच सगळ्यात आधी दिसलं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. आजच रात्री फोन कर. पुढेही झोप आली नाही, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर घरच्या कोणालातरी उठव आणि डॉक्टरकडे जा. त्या वेळी माझ्या उत्तराची वाट बघायची नाही.

राहिलेले दोन विषय कोणते, ते लिहिलं नाहीस. संपादकांच्या पत्त्यावर कळव. माझ्या ओळखीचे दोन निवृत्त प्राध्यापक कॉलेज रोडला राहतात, एक फिजिक्सचे आणि एक गणिताचे. संध्याकाळी सहानंतर दोघंही मोकळे असतात आणि शिकवायला कोणी मिळालं तर त्यांना हवंच आहे.

तुझी,
ताई